आधीच्या मालकाची वीजथकबाकी: किती भरायची?

‘जुनं घर घेतलं की आधीच्या मालकाची सगळी थकबाकी भरल्याशिवाय वीज जोडून मिळत नाही’ हे महाराष्ट्रात तरी अर्धसत्य आहे. वीज नियामक आयोगाच्या 2021 च्या पुरवठा संहितेनुसार थकबाकी जागेवर चढते खरी, पण खरेदीदाराकडून जास्तीत जास्त 6 महिन्यांचीच वसूल करता येते. वारसाला ही मर्यादा लागू नाही. ‘एक पैसाही देणार नाही’ हा हट्टही टिकत नाही. अशी वसुली सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये वैध ठरवली आहे.

6 महिन्यांचीच थकबाकी घ्या, असा लेखी अर्ज खरेदीखत जोडून वीज कंपनीला द्या, पोच घ्या आणि महिनावार खातेउतारा, म्हणजे सीपीएल, मागा. पुनर्जोडणी शुल्क वेगळं दाखवायला लावा. थकबाकीत मिसळलं की हिशेब सापडत नाही. नकार आल्यास ग्राहक तक्रार निवारण मंच, त्याच्या आदेशापासून 60 दिवसांत विद्युत लोकपाल.