रॉक अँड रोल आणि रॉक : वरातीत कोणतं चालेल?

खान्देशातल्या वरातीत बँडच्या गाडीवरच्या कॅसिओवाल्याला एखादा हौशी वऱ्हाडी फर्मावतो, "रॉकनं गानं वाजाड ना भो!" मग जे वाजतं त्यावर सगळे नाचतात, आणि इथेच शंका घ्यावी. कारण नाचायला लावणारं ते बहुधा रॉक अँड रोलच्या गोतावळ्यातलं असतं. जळगाव-धुळ्याच्या कॉलेजांत काळे टी-शर्ट घालून फिरणारी पोरंही ही दोन्ही नावं सर्रास एकाच अर्थाने वापरतात. नातं आहेच, बाप-लेकाचं आहे. पण लेकाने घर वेगळं मांडलं.

रॉक अँड रोल हे १९५० च्या दशकातल्या अमेरिकेचं. कृष्णवर्णीयांचं ऱ्हिदम अँड ब्लूज आणि गोऱ्या ग्रामीण भागातलं कंट्री एकमेकांत मिसळलं आणि क्लीव्हलँडच्या रेडिओवरून निवेदक ॲलन फ्रीडने हे नाव घरोघरी पोचवलं. मेम्फिसमध्ये १९५४ साली एल्विस प्रेस्लीची पहिली रेकॉर्ड निघाली, १९५५ साली शिकागोतून चक बेरीची. लिटल रिचर्ड त्याच वर्षी पियानोवर तुटून पडला. एल्विसला 'राजा' म्हणतात, म्हणू देत. पण स्वतः लिहायचं, स्वतः गायचं आणि गिटारही स्वतःच वाजवायची, हे सगळं चक बेरीकडे होतं. माझं मत त्याच्याच पारड्यात.

बांधणी सोपी. पेटीवाल्याला सांगायचं तर सा, म आणि प या तीन स्वरांवर उभ्या राहणाऱ्या तीन कॉर्ड (म्हणजे एकदम वाजवलेले स्वरांचे झुपके), आणि बारा आवर्तनांचा एक फेरा. आपल्या भजनात टाळी समेवर पडते. इथे चार मात्रांतल्या दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर ड्रमचा फटका बसतो, आणि पाय आपोआप हलतात ते त्यामुळेच. साथीला पियानो, सॅक्सोफोन आणि उभा बास, म्हणजे खर्जाचं मोठं तंतुवाद्य. गाणं अडीच-तीन मिनिटांत आटपायचं, कारण ते मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या छोट्या तबकडीवर मावायला हवं. विषय म्हणजे मोटार, शाळा, शनिवारची रात्र, पोरी.

दशक संपता संपता हा बहर ओसरला. लिटल रिचर्ड १९५७ साली धर्माकडे वळला, एल्विस १९५८ मध्ये सैन्यात गेला, गायक बडी हॉली १९५९ च्या फेब्रुवारीत विमान अपघातात गेला. मग जिथे पिकतं तिथे विकत नाही, याचा प्रत्यय आला. बीटल्स, रोलिंग स्टोन्स या इंग्लंडच्या पोरांनी हाच माल उचलला, घोटला आणि १९६४ पासून अमेरिकेलाच परत विकला.

या विक्रीत मालाचा नूर पालटला, आणि आपण ज्याला रॉक म्हणतो ते इथून सुरू होतं. १९६५ हे वर्ष लक्षात ठेवा. अमेरिकेतल्या न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात लोकगीतांचा गायक बॉब डिलन इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभा राहिला आणि श्रोत्यांतल्या काहींनी हुर्यो केली. बीटल्सच्या गाण्यात सतार आली. सॅक्सोफोन, पियानो मागे सरकले, गिटार मालकीण झाली. १९५१ साली मेम्फिसला एका ध्वनिमुद्रणात बिघडलेल्या ॲम्प्लिफायरमध्ये कागद कोंबून काम भागवलं होतं आणि गिटारचा आवाज फाटका आला होता. रॉकवाल्यांनी तोच फाटका आवाज मुद्दाम, गिटारला जोडलेलं पेडल पायाने दाबून काढला. गिटारवादक जिमी हेंड्रिक्सने तर त्याचं शास्त्र केलं.

तबकडीही बदलली. लाँग प्ले या मोठ्या तबकडीच्या एका बाजूला वीसेक मिनिटं मिळतात, म्हणून गाणी लांबली, एकमेकांना जोडली गेली. विषयांत व्हिएतनाम युद्ध, नशा, एकटेपणा आला. फटका अजून दुसऱ्या-चौथ्या मात्रेवरच, पण श्रोता बसून ऐकू लागला. या सगळ्यात एक गोष्ट खटकते : ज्या कृष्णवर्णीयांनी पाया घातला, ते रॉकच्या व्यासपीठावर हेंड्रिक्ससारखे मोजकेच उरले.

हिंदी सिनेमात दोन्हींचे नमुने सापडतात. सी. रामचंद्रांचं १९५७ चं 'ईना मीना डीका' हा रॉक अँड रोलचा देशी अवतार. ते लाऊडस्पीकरच्या गाडीवर आजही खपतं, क्लॅरिनेटवरही शोभतं. १९७१ च्या 'दम मारो दम'ची गिटार मात्र रॉकच्या, हिप्पींच्या काळातली. वरातीत पहिलं वाजवा. दहा मिनिटांचं, मध्येच लय बदलणारं खरं रॉक वाजवलंत, तर घोड्यावरचा नवरदेव मारुतीच्या पाराशी ताटकळेल आणि मुहूर्त टळेल.

दोन्ही एकाच गळ्यातून ऐकायचं असेल तर आपल्या पाचगणीला शिकलेला फारूख बलसारा घ्या. तिथल्या शाळेत त्याने मित्रांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला, आणि ते वाजवत ते रॉक अँड रोल. पुढे लंडनमध्ये फ्रेडी मर्क्युरी या नावाने, 'क्वीन' या बँडबरोबर, त्याने १९७५ साली जवळपास सहा मिनिटांचं, मध्येच ऑपेरा घुसवलेलं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' केलं : अस्सल रॉक. आणि १९७९ मध्ये, हातात गिटार घेऊन, तीन मिनिटांच्या आतलं 'क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह' गायला. ते थेट एल्विसच्या वळणाचं आहे, आणि अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं.