अडॅप्टरवरची टेलिफोटो लेन्स (पक्षिछायाचित्रण)

एका माउंटसाठी (लेन्स कॅमेऱ्याला जिथे अडकते त्या जोडणीसाठी) घडवलेली लांब पल्ल्याची लेन्स, मध्ये अडॅप्टर नावाचे धातूचे कडे घालून, दुसऱ्याच माउंटच्या मिररलेस, म्हणजे आरसा नसलेल्या, कॅमेऱ्याला जोडायची आणि तिने पक्षी टिपायचे, अशी ही पद्धत. नवी ६०० मिमी लेन्स परवडत नाही, पण घरात किंवा जुन्या बाजारात ३०० मिमीची जुनी मॅन्युअल (हाताने फोकस करायची) लेन्स मिळते, अशा हौशी छायाचित्रकाराला ती पक्ष्यांचे दार उघडून देते.

आरशाच्या कॅमेऱ्यात लेन्सचे माउंट आणि फिल्म यांच्यामध्ये आरसा उचलला जाईल एवढी जागा सोडावी लागे. निकॉनच्या एफ माउंटात हे अंतर ४६.५ मिमी, कॅननच्या जुन्या एफडी माउंटात ४२ मिमी. आरसा गेल्यावर सोनीच्या ई माउंटात ते १८ मिमीवर आले, निकॉनच्या झेड माउंटात १६ मिमीवर. एफ माउंटची लेन्स सोनीवर चढवताना उरलेले २८.५ मिमी अडॅप्टर भरून काढतो. त्यात काच नसते, त्यामुळे लेन्सचा मूळ दर्जा तसाच राहतो. अडॅप्टर किंचित जाड झाला तर दूरचे काहीच स्पष्ट होत नाही. म्हणून बहुतेक अडॅप्टर केसभर पातळच करतात. मग लेन्सवरचे फोकसचे कडे अनंताच्या, म्हणजे सर्वांत दूरच्या अंतराच्या, खुणेपलीकडे फिरते आणि त्या खुणेवर भरवसा ठेवता येत नाही. खटाव तालुक्यात मायणी किंवा येरळवाडीच्या तलावावर हिवाळ्यात रोहित पक्षी पार पलीकडच्या उथळ पाण्यात उभे असतात, तेव्हा हे ध्यानात ठेवावे लागते. कडे शेवटपर्यंत फिरवून मोकळे झाले की थवा हमखास पुसट येतो.

लहान सेन्सर (फिल्मच्या जागी चित्र टिपणारा भाग) इथे कामी येतो. मायक्रो फोर थर्ड्स या लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ३०० मिमी लेन्समधून दिसणारी चौकट पूर्ण आकाराच्या सेन्सरवरच्या ६०० मिमीएवढी असते, त्याहून थोड्या मोठ्या सेन्सरच्या एपीएस-सी कॅमेऱ्यावर सुमारे ४५० मिमीएवढी.

विजेच्या जोडण्या असलेले अडॅप्टरही मिळतात. त्यांच्या मदतीने कॅननच्या आरशाच्या कॅमेऱ्यांच्या ईएफ लेन्स मिररलेस आर मालिकेच्या कॅमेऱ्यांवर ऑटोफोकससह चालतात. निकॉनच्या एफ लेन्स झेड कॅमेऱ्यावर चढवणाऱ्या एफटीझेड अडॅप्टरमध्ये मात्र मोटर नाही, त्यामुळे कॅमेऱ्यातल्या मोटरवर चालणाऱ्या जुन्या एएफ (ऑटोफोकस) लेन्स त्यावर हातानेच फोकस कराव्या लागतात. खरेदीआधी हे तपासले नाही तर पैसे गुंतून पडतात.

हाताने फोकस करण्यातच या पद्धतीचे सगळे कसब आहे. ८ मीटरवरच्या पक्ष्यासाठी ३०० मिमी लेन्स, एफ/४.५ एवढे उघडलेले छिद्र (ॲपर्चर) आणि मायक्रो फोर थर्ड्स सेन्सर असेल तर स्पष्ट येणारा पट्टा जेमतेम १० सेंटीमीटरचा असतो. चोच स्पष्ट आली तरी शेपूट पुसट येऊ शकते. व्ह्यूफाइंडरमधले चित्र मोठे करून डोळ्यातली चमक बारीक ठिपका होईपर्यंत कडे फिरवायचे. फोकस पीकिंगच्या, म्हणजे स्पष्ट भागाभोवती कॅमेरा दाखवतो त्या, रंगीत कडा मदत करतात, पण गवतात बसलेल्या पक्ष्याआधी त्या गवताच्या काड्याच उजळवतात. म्हणून शेवटचा निर्णय मोठ्या केलेल्या चित्रावरच घ्यावा.

उडत्या पक्ष्याच्या मागे कडे फिरवत धावण्यात अर्थ नाही. पक्ष्याची सवय ओळखावी. वेडा राघू माशी टिपून बहुधा त्याच फांदीवर परत येतो. सांगलीत कृष्णाकाठी खंड्या तारेवर ठरलेल्या जागी बसतो. तो नसताना त्याच्या बैठकीवर फोकस बांधून ठेवायचा आणि कड्याला हात न लावता वाट पाहायची. पक्षी उतरला, मान वळली, की शटर. याउलट कवड्या धीवर पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबतो. तेवढ्या दोन-चार सेकंदांत सरावलेले बोट कडे जुळवू शकते. सुरुवात याच पक्ष्यांपासून करणे चांगले. कोयना-चांदोलीच्या दाट जंगलात उजेड एवढा कमी असतो की शटर मंदावते आणि नवख्याचा धीर सुटतो.

कॅमेऱ्याला जुन्या लेन्सची माहिती मिळत नाही. मेनूतली ‘लेन्सशिवाय शटर’ ही सोय चालू केली नाही तर बटण दाबूनही अनेक कॅमेरे ढिम्म राहतात. सेन्सर स्थिर ठेवणाऱ्या यंत्रणेला ३०० हा आकडा आपण भरून द्यावा लागतो. तिथे ५० राहिला तर हालचाल पुरती भरून निघत नाही. जड लेन्सचा भार अडॅप्टरवर टाकू नये. ट्रायपॉडला लेन्स बांधावी, कॅमेरा नव्हे. चाळकेवाडीच्या पठारावर तर वाऱ्यापुढे ट्रायपॉडचे पायही पूर्ण लांब करू नयेत, बसूनच काम करावे.

दुपारी तापलेल्या माळावरून लांबचा पक्षी टिपला तर तो पाण्यात पाहिल्यासारखा थरथरतो. हा दोष लेन्सचा नसून मधल्या तापलेल्या हवेचा. सकाळी नऊच्या आत काम उरकावे. जवळ जाण्यासाठी थव्याला उठवणे किंवा घरट्यापुढच्या फांद्या तोडणे हा पक्ष्यांवर सरळ अन्याय आहे. चौकट छोटी मिळाली तर छोटीच ठेवावी.

जुनी लेन्स घेताना छिद्र पूर्ण उघडून मागून टॉर्च मारून पाहावी. काचेत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे. साताऱ्याच्या पश्चिमेला, महाबळेश्वर-कोयनेच्या बाजूला, पावसाळ्यात कपाटातल्या लेन्सला ती सहज धरते. तिथले लोक जूनमध्येच लेन्स सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवतात आणि पुड्या ओलसर झाल्या की बदलतात.