न दुखणारं अपेंडिक्स

अपेंडिक्सचं दुखणं कोल्हापुरात घरोघरी माहीत आहे. आधी बेंबीभोवती कळ, मग उजवीकडे खाली, उलट्या, ताप. राधानगरी, गगनबावड्याहून पेशंटला तातडीनं सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात, आणलं जातं. पण याच अपेंडिक्सचा एक आजार महिनोन् महिने न दुखता वाढतो. त्याचं नाव म्युकोसील. काढलेल्या हजार अपेंडिक्समध्ये तो जेमतेम दोन-तीनदा सापडतो. व्हिएन्नाचे विकृतिशास्त्रज्ञ रोकिटान्स्की यांनी १८४२ मध्ये त्याचं वर्णन केलं होतं.

यात अपेंडिक्सच्या आत चिकट स्राव साठत जातो. कधी तोंड बंद झाल्यामुळे, तर बऱ्याचदा आतल्या अस्तरातल्या पेशींची गाठ झाल्यामुळे. जंतुसंसर्ग नसेल तर तापही येत नाही. दुसऱ्याच कारणासाठी सोनोग्राफी होते आणि नळी जाड दिसते. निरोगी अपेंडिक्स साधारण ६ मिलिमीटरपर्यंत असतं. १५ च्या पुढे गेलं की म्युकोसीलची शंका घ्यायची. आत कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर दिसले तर ती बळावते. बायकांमध्ये ही गाठ उजव्या अंडाशयाची वाटू शकते. अशा वेळी सीटी स्कॅन टाळू नये; गाठ कुठून निघाली ते त्यात बरंच स्पष्ट होतं.

सुई घालून तपासणं मात्र धोक्याचं, कारण ऑपरेशनचं सगळं यश गाठ न फुटण्यावर आहे. फुटली आणि स्रावाबरोबर गाठीच्या पेशी पोटात सांडल्या, तर त्या पोटाच्या अस्तरावर रुजतात आणि जेलीसारखा पदार्थ पोटभर साठत राहतो. मग तासन् तास चालणारी शस्त्रक्रिया करावी लागते, आणि अनेकदा त्याच वेळी ४१ ते ४३ अंशांपर्यंत तापवलेलं केमोथेरपीचं औषध पोटात फिरवतात. म्हणून सर्जन गाठीला चिमटाही जपून लावतात आणि ती पिशवीत घालून अखंड बाहेर काढतात. दुर्बिणीतून ते जमेनासं वाटलं, तर पोट उघडणंच शहाणपणाचं. पेशंटनं त्याला अपयश समजू नये. मुळाशी भाग निरोगी असेल तर अपेंडिक्स काढून भागतं, नाहीतर मोठ्या आतड्याचा लगतचा भागही काढावा लागतो.

काढलेलं अपेंडिक्स बायोप्सीला पाठवायलाच हवं, अगदी साधं वाटलं तरी. खर्च वाचवण्याची ही जागा नव्हे, कारण गाठ कर्करोगाची आहे का, हे सूक्ष्मदर्शकाखालीच ठरतं. सोबत मोठ्या आतड्यातही गाठ असू शकते, म्हणून कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, सुचवतात. सौम्य प्रकारची गाठ न फुटता पूर्ण निघाली असेल, तर सहसा केमोथेरपी लागत नाही; ठराविक काळानं स्कॅन करून लक्ष ठेवतात.