आगमनकाळ : मठपरंपरेतील आध्यात्मिक तयारी

कॅथलिक उपासना वर्षाच्या आरंभीचा, नाताळापूर्वीचा सुमारे चार आठवड्यांचा काळ. संत आंद्रियाच्या सणाला (30 नोव्हेंबर) सर्वांत जवळच्या रविवारी तो सुरू होतो. त्यामुळे पहिला रविवार 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांदरम्यान येतो. धर्मगुरूंची जांभळी वस्त्रे, रविवारच्या मिस्सातून (मुख्य उपासनाविधीतून) गाळलेले ‘ग्लोरिया’ गीत, तिसऱ्या रविवारचा गुलाबी रंग या खुणा पुण्यातील चर्चमध्येही परिचित आहेत. प्रस्तुत नोंद या काळासाठी मठांत घडत गेलेल्या साधनेपुरती आहे.

या काळाच्या उगमाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. सर्वांत जुना पुरावा म्हणून स्पेनमधील सारागोसा येथील धर्मसभेचा (इ.स. 380 च्या सुमारास) नियम सामान्यतः दिला जातो. 17 डिसेंबरपासून 6 जानेवारीपर्यंतचे 21 दिवस कोणीही चर्चमधून गैरहजर राहू नये, घरात दडून बसू नये, मळ्यात वा डोंगरात जाऊ नये आणि अनवाणी फिरू नये, असे त्यात बजावले आहे. हा रोख स्पेनमधील प्रिसिलियनच्या कडक वैराग्यपंथाकडे असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. नियमात नाताळचा उल्लेख नाही. एकांत साधणाऱ्यांना तो उलट गावातल्या प्रार्थनासभेत बोलावतो; त्यामुळे मठांतील आगमनकाळाचे मूळ थेट येथे शोधणे धाडसाचे ठरते.

दुसरा धागा गॉलमधील (आजचा फ्रान्स) आहे. तूरचे बिशप पर्पेतुअस (मृत्यू इ.स. 490 च्या सुमारास) यांनी संत मार्टिनच्या सणापासून (11 नोव्हेंबर) नाताळापर्यंत आठवड्यातून तीन उपवास लावून दिल्याचे त्याच गादीवर नंतरच्या शतकात आलेले बिशप ग्रेगरी यांनी नोंदवले आहे. मॅकाँच्या धर्मसभेने (581 किंवा 583) सोमवार, बुधवार व शुक्रवार हे वार सांगितले. तूरच्या 567 च्या धर्मसभेने तर डिसेंबरात नाताळापर्यंत रोज उपवास करण्याचा नियम खास मठवासीयांना घातला. मठांपुरता स्पष्ट बोलणारा हा आरंभीचा महत्त्वाचा पुरावा होय. 11 नोव्हेंबर ते 5 जानेवारी या 56 दिवसांतून शनिवार-रविवार वगळल्यास 40 दिवस उरतात. त्यावरून हा उपवास मूळचा 6 जानेवारीच्या बाप्तिस्म्याची तयारी होता, असे एक मत आहे. हिशेब आकर्षक आहे, पण तो नंतर जुळवलेला असण्याची शक्यता नाकारता येत नाही.

रोममध्ये चित्र वेगळे होते. पोप पहिले लिओ (440–461) यांची डिसेंबरच्या उपवासावरील प्रवचने उपलब्ध आहेत. ती पिकांबद्दलची कृतज्ञता, संयम आणि दानधर्म यांवर भर देतात, नाताळच्या तयारीवर नव्हे. नाताळपूर्व रविवारांच्या प्रार्थना रोमच्या उपासनेत सहाव्या शतकाच्या सुमारास स्थिरावल्या असाव्यात. रविवारांची संख्या चारवर आणण्याचे श्रेय परंपरेने पोप पहिले ग्रेगरी (590–604) यांना दिले जाते. मिलानच्या आंब्रोझीय विधीत आजही सहा रविवार आहेत. या सर्वांचा एकच उगम मानण्यापेक्षा गॉलचा उपवास आणि रोमची उपासना हे दोन स्वतंत्र प्रवाह कॅरोलिंजियन काळातील (आठवे-नववे शतक) मठांत एकत्र आले, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. तपाबरोबर प्रसन्न प्रतीक्षाही येथे का आहे आणि उपवास असूनही ‘आलेलुया’ हा आनंदघोष का गायला जातो, याचा उलगडा त्याने होतो.

संत बेनेडिक्ट यांच्या मठनियमात (सहावे शतक) आगमनकाळाचे नाव नाही. तरी त्याची चौकट तेथेच तयार झाली. प्रकरण 41 नुसार 13 सप्टेंबरपासून ईस्टरपूर्व प्रायश्चित्तकाळापर्यंत जेवण नवव्या तासाला, म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास, एकदाच असे. प्रकरण 48 नुसार 1 ऑक्टोबरपासून सकाळचे पहिले दोन तास पवित्र वाचनाला दिले जात. आगमनकाळात या वाचनाचा गाभा यशयाचा ग्रंथ असतो: एक उतारा सावकाश वाचणे, तो मनात घोळवणे, त्यातून प्रार्थना करणे आणि मग शांत राहणे. संत फ्रान्सिस यांच्या 1223 च्या नियमात उपवास 1 नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या सणापासून नाताळापर्यंत आहे. एकांतवासी कार्थुसियन संघाचे मठवासी या दिवसांत दूध व अंडीही वर्ज्य करतात. सर्वसामान्य भाविकांवर मात्र आज आगमनकाळाच्या उपवासाची सक्ती नाही.

या साधनेला सर्वांत खोल अर्थ बाराव्या शतकातील सिस्टर्शियन (बेनेडिक्टचा नियम काटेकोर पाळणाऱ्या संघाच्या) मठवासीयांनी दिला. क्लेर्व्होचे संत बर्नार्ड (1090–1153) आपल्या आगमनकाळाच्या प्रवचनांत ख्रिस्ताची तीन आगमने सांगतात. पहिले देहाने, दुर्बलतेत, शेवटचे वैभवात, आणि या दोहोंमधले गुप्त, साधकाच्या अंतःकरणात होणारे. तयारी मुख्यतः या मधल्या आगमनाची. मौन, वाचन, उपवास यांचा हेतू त्यामुळे बदलतो: देहाला शिक्षा करणे मागे पडते आणि येणाऱ्यासाठी जागा रिकामी ठेवणे पुढे येते. नाताळची गर्दी हा या काळाचा शेवट मानणाऱ्यांनी बर्नार्ड जरूर वाचावेत.

17 ते 23 डिसेंबर या सात दिवशी सायंप्रार्थनेत मरियेच्या स्तोत्राआधी व नंतर सात ‘ओ’ पालुपदे गायली जातात. त्यांत ख्रिस्ताला प्रज्ञा, दावीदाची किल्ली, उगवता प्रकाश अशा जुन्या करारातील नावांनी हाक मारलेली असते. काही मठांत इशायाच्या (दावीदाच्या पित्याच्या) ‘मुळा’चे पालुपद माळ्याने आणि ‘किल्ली’चे कोठीप्रमुखाने उचलण्याची प्रथा होती. शनिवारी सूर्योदयापूर्वी केवळ मेणबत्त्यांच्या उजेडात होणारा मरियेचा मिस्सा कार्तिकात काकडआरतीला उठणाऱ्या मराठी वाचकाला परका वाटू नये.

मराठीत ख्रिस्ताच्या प्रतीक्षेचे मोठे काव्य फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’त (1616) आहे. ते येशूसंघीय (जेझुइट) होते, मठवासी नव्हते. पण ‘पहिल्या पुराणा’त जगाच्या उत्पत्तीपासून तारकाच्या वचनापर्यंत कथा येते व ख्रिस्तचरित्र ‘दुसऱ्या पुराणा’त. हा क्रम आगमनकाळाच्या वाचनाला नेमका जुळतो.

पुण्यातील कॅथलिक जीवन प्रामुख्याने चर्च, शाळा व प्रशिक्षणगृहांभोवती वाढले. 1955 मध्ये श्रीलंकेतील कँडीहून येथे हलवलेली पेपल सेमिनरी (धर्मगुरूंचे प्रशिक्षणगृह) आणि नगर रस्त्यावरील ज्ञानदीप विद्यापीठ ही त्यांतील प्रमुख केंद्रे. मठसाधनेशी अधिक जवळचे नाते शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमाचे आहे. अँग्लिकन धर्मगुरू जॅक विन्स्लो यांनी 1922 मध्ये स्थापलेला हा आश्रम त्याच दशकात पुण्यात आला. 1972 पासून कॅथलिक व अँग्लिकन भगिनींनी तेथे एकत्र साधना चालवली. शांकर वेदान्ताच्या अभ्यासक सिस्टर सारा ग्रँट त्यांपैकी एक. चर्चमधील चार मेणबत्त्यांचे आगमनचक्र मात्र मठांतले नव्हे: त्याचा प्रारंभ 1839 मध्ये हँबुर्ग येथे लुथरन धर्मसेवक योहान हिनरिख विखर्न यांनी अनाथ मुलांसाठी केला.