गोणीतून जाळीत: सोलापूरच्या बाजारातला बटाटा

सोलापूरच्या सिद्धेश्वर बाजार समितीचं नाव आहे ते कांद्यासाठी. बटाटा इथे बहुतेक बाहेरचाच, पुणे-साताऱ्याकडून किंवा थेट आग्रा-इंदूरकडून ट्रकने येणारा. त्यामुळे तो कशात भरून आला, याचा परिणाम इथे पिशवी सोडताच दिसतो.

पूर्वी तो तागाच्या गोणीत येई. हुगळीकाठी रिश्रा इथे पहिली ताग गिरणी 1855 मध्ये निघाली, सोलापूरला रेल्वे 1860 मध्ये आली. पुढे बहुतेक शेतमालाचं बारदान, म्हणजे माल भरायची पोती, तागाचंच झालं. बटाट्याला ते मानवतही होतं: आत अंधार, तरी हवा खेळती. दाभण-सुतळीने तोंड शिवताना दोन्ही कोपऱ्यांना कान सोडत, उचलायला. पण घाईत हमालाचा लोखंडी आकडा कानाऐवजी पोटात बसे आणि एक बटाटा भोसकला जाई. तो सडला की त्याचं पाणी तागात मुरे. ओला ताग लवकर वाळत नाही, मग शेजारचे चार बटाटेही जात.

गोणी हलकी झाली ती हमालाच्या पाठीपायी. शंभर किलोचं पोतं वाहणं एकेकाळी नेहमीचं होतं. 1967 च्या आंतरराष्ट्रीय ठरावाने एका माणसावरच्या ओझ्यासाठी 55 किलोची मर्यादा सुचवली, 1969 मध्ये महाराष्ट्रात हमालांसाठी माथाडी कायदा आला. पण पन्नास किलोची पिशवी रुळायला पुढे बरीच वर्षं गेली.

मग आली प्लॅस्टिकची जाळीदार लेनो पिशवी. तागाची गोणी अर्ध्या किलोच्या घरात, ही शंभर ग्रॅमसुद्धा नाही. (मालाच्या वजनातून होणारी बारदानाची कपात मात्र त्या मानाने उतरली नाही, ही शेतकऱ्याची जुनी तक्रार.) जाळीत माल दिसतो, घाम धरत नाही. पण हवेबरोबर उजेडही शिरतो. गाळ्यासमोर दोन-चार दिवस उन्हात राहिलेली थप्पी हिरवी पडते, सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढून बटाटा कडवट होतो.

साल कच्ची असेल तर कुठलीच पिशवी वाचवत नाही. काढणीआधी दहा-पंधरा दिवस पाला कापायचा. अंगठ्याने घासून साल सुटली, तर अजून थांबायचं. जाळीचा काच कोवळ्या सालीला तागापेक्षा जास्त लागतो.

उन्हाळ्यात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो. ताडपत्री घट्ट आवळलेला ट्रक दुपारभर उभा राहिला, तर मधल्या थराला उष्णता वाढते नि प्राणवायू कमी पडतो. बटाटा बाहेरून ठणठणीत, आतून काळा. म्हणून जाणता खरेदीदार मधल्या थरातली पिशवी ओढायला लावतो आणि दोन बटाटे उभे चिरून बघतो.