पाऊस शिरतो तो शिवणीतून

डोंगरात वापरायचं जॅकेट घरी शिवायला घेतलं की सगळा जीव कापडावर जातो. वॉटरप्रूफ कापड कुठलं घ्यायचं, किती हलकं, किती महाग. माझ्या मते त्याहून महत्त्वाचा प्रश्न सुईचा आहे. कारखान्यात कष्टाने पाणीबंद केलेल्या कापडाला आपण एका शिवणीत शेकडो भोकं पाडतो. ती किती पाडायची आणि कुठे, हे मात्र घरी शिवणाऱ्याला स्वतः ठरवता येतं. या छंदातली मला सर्वात आवडणारी गोष्ट हीच.

आधी भोकाचं गणित पाहू. ज्या पदार्थाला पाणी चिकटत नाही, त्याच्या बारीक छिद्रात पाणी आपणहून शिरत नाही. पृष्ठताण त्याला अडवून धरतो, आत घालायचं तर दाब द्यावा लागतो. छिद्राचा व्यास दहापट कमी झाला की लागणारा दाब दहापट वाढतो. टेफ्लॉनमध्ये १ मायक्रॉनचं, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढं छिद्र असेल, तर त्यातून पाणी घुसवायला साधारण १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब लागेल. तेच छिद्र ०.१ मिलिमीटरचं असलं तर १० सेंटिमीटर पाणी पुरतं. कापडाच्या लेबलवर ‘१०,००० मिमी’ असं लिहिलेलं असतं, ती पाण्याची हीच उंची.

१९६९ साली अमेरिकन अभियंते बॉब गोर यांनी तापवलेली टेफ्लॉनची कांडी हळूहळू ताणायचं सोडून एका झटक्यात ओढली. ती तुटली नाही, कित्येक पट लांबली आणि आतून सूक्ष्म छिद्रांनी भरून गेली. गोअर-टेक्स या वॉटरप्रूफ कापडातला पातळ पडदा त्यातूनच आला. घामाची वाफ म्हणजे सुटे रेणू, ते या छिद्रांतून सहज निघून जातात. थेंब मात्र बाहेरच राहतो.

आता सुई. ८० नंबरच्या सुईची जाडी ०.८ मिलिमीटर असते. हा नंबर म्हणजे मिलिमीटरचे शंभरावे भागच. भोकाचा बराचसा भाग दोरा भरून काढतो, पण कडेला फट उरते. ती ०.१ मिलिमीटरची जरी असली, तरी १० मीटर झेपणारं कापड त्या ठिकाणी १० सेंटिमीटरवर आलं. नुसतं पावसात उभं राहिलं तर तेवढंही निभावतं. पण पाठीवरच्या सॅकचा पट्टा खांद्यावर रुततो तेव्हा निभावत नाही. ७० किलोचा माणूस ओल्या जमिनीवर गुडघे टेकतो, तेव्हा ते वजन समजा १०० चौरस सेंटिमीटरवर पेललं गेलं, तर दाब ७ मीटर पाण्याइतका होतो.

म्हणून खांद्याच्या माथ्यावर आणि गुडघ्यावर शिवण येऊच द्यायची नाही. कागदी नमुन्यावर पुढचा आणि मागचा खांदा जोडून एकच सलग तुकडा काढायचा आणि शिवण खाली छातीकडे व पाठीकडे उतरवायची. कापड जास्त लागतं. शिवाय तुकड्याची एक बाजू थोडी उरेब, म्हणजे विणीला तिरपी जाते, त्यामुळे टीप मारताना ती ओढली जाणार नाही हे पाहावं लागतं. तरीही हा सौदा फायद्याचाच आहे.

टिपेची लांबीही मोजून ठरवावी. अडीच मिलिमीटरची टीप घातली तर मीटरभर शिवणीत ४०० भोकं पडतात. साडेतीनची घातली तर २८५च्या आसपास. फार बारीक टिपेने पातळ कापड तिकिटांच्या कागदासारखं त्या रेषेवर फाटू लागतं. टाचण्या टोचायच्याच असतील तर फक्त मायेत, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेल्या कापडात टोचाव्यात, कारण लेप दिलेल्या कापडात पडलेलं भोक पुन्हा बुजत नाही. त्यापेक्षा चिमटे बरे.

दोरा पॉलिस्टरचा घ्यावा. सुती दोरा ओला झाला की फुगतो आणि भोक थोडंफार बुजवतो, हे खरं. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांसाठी वापरलेलं व्हेंटाइल हे दाट विणीचं सुती कापड याच गुणावर पाणी अडवत असे. पण सुती दोरा ओलावा धरून ठेवतो आणि दमट कपाटात कुजतो.

पुढची पायरी शिवणी बुजवण्याची. सिलिकॉनचा लेप असलेल्या कापडाला सिलिकॉनच धरतं, दुसरं काही टिकत नाही. पॉलियुरेथेनच्या लेपाला पॉलियुरेथेनचं सीलंट लागतं. सिलिकॉन सीलंट व्हाइट स्पिरिटमध्ये पातळ करून ब्रशने टिपांवर लावलं की ते दोऱ्यात आणि भोकांत उतरतं. हे काम खिडक्या उघड्या ठेवूनच करायचं.

तपासणी घरी करता येते. त्याच कापडाचे दोन तुकडे त्याच सुई-दोऱ्याने जोडून, सीलंट लावून पूर्ण वाळू द्यायचे. मग ती शिवण मीटरभर लांब पारदर्शक नळीच्या तोंडावर घट्ट बांधायची, नळी उभी धरून वरून हळूहळू पाणी ओतायचं आणि खाली टिपकागद ठेवायचा. कागदावर पहिला डाग पडेल तेव्हा नळीत पाणी किती उंच आहे ते मोजायचं. दोन शिवणी एकमेकींना छेदतात तसा एक तुकडाही जरूर तपासावा. काखेत अशी जागा हमखास येते. तिथे कापडाचे थर चढून पायरी तयार होते, सीलंट तिच्या कोपऱ्यात नीट पोचत नाही आणि पाणी नेमकं तिथून झिरपतं. त्या जागी सीलंटचा दुसरा हात द्यायचा.