टोफरसेन

मोटर न्यूरॉन आजाराच्या (एएलएस: स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी हळूहळू मरत जाण्याचा आजार) एका आनुवंशिक प्रकारावरील औषध. एसओडी१ या जनुकात दोष असलेल्या रुग्णांनाच ते लागू पडते. एकूण एएलएस रुग्णांत असे सुमारे २ टक्केच असल्याने जनुकचाचणी झाल्याशिवाय या औषधाचा विचार करता येत नाही.

हे जनुक १९९३ मध्ये एएलएसशी जोडले गेले. त्यापासून बनणारे एसओडी१ हे विकर (रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन) पेशीतील घातक ऑक्सिजन-रूपे निकामी करते. दोषामुळे हे काम थांबून चेतापेशी मरत असतील, असा तेव्हाचा तर्क. उंदरांवरील प्रयोगांत तो टिकला नाही. दोषयुक्त मानवी जनुक घातलेले उंदीर स्वतःचे विकर शाबूत असूनही लुळे पडले (१९९४). ज्यांचे हे जनुकच काढून टाकले होते, त्यांना मात्र हा आजार झाला नाही (१९९६). म्हणजे विकर कमी पडत नव्हते, बिघडलेले प्रथिनच पेशींना मारक ठरत होते. त्यामुळे प्रथिन पुरवण्याऐवजी त्याची निर्मितीच रोखायची, अशी उपचाराची दिशा ठरली.

टोफरसेन हा २० न्यूक्लिओटाइडांचा (डीएनए-आरएनएच्या घटकांचा) कृत्रिम धागा आहे. तो एसओडी१च्या संदेशवाहक आरएनएला (प्रथिन बनवण्याची जनुकाची सूचना वाहून नेणाऱ्या रेणूला) चिकटला की पेशीतलेच आरएनेज एच१ हे विकर तो आरएनए तोडते. निरोगी आणि सदोष प्रत असा भेद तो करत नाही.

रक्तातून तो मेंदूपर्यंत पोचत नाही, म्हणून लंबर पंक्चर (कंबरेच्या मणक्यांमधून सुई घालणे) करावे लागते. मज्जारज्जूभोवतीचे सुमारे १० मिली पाणी काढून घेतात आणि मग १५ मिली द्रावणातले १०० मिग्रॅ औषध १ ते ३ मिनिटांत आत सोडतात. पहिले तीन डोस १४ दिवसांच्या अंतराने, पुढचे दर २८ दिवसांनी. मज्जारज्जूचा किंवा चेतामुळांचा दाह, जंतूविना मेंदूज्वर, कवटीतला दाब वाढून डोळ्यातील चेतातंतूला सूज येणे हे गंभीर दुष्परिणाम. पायांत नव्याने अशक्तपणा आला तर तो मूळ आजाराचाच, असे गृहीत धरणे धोक्याचे.

‘व्हॅलर’ या १०८ रुग्णांच्या चाचणीत २८ आठवड्यांनंतर रोजच्या कार्यक्षमतेच्या गुणांकात औषध आणि प्लासिबो (औषध नसलेला दिखाऊ डोस) यांत लक्षणीय फरक दिसला नाही. कागदोपत्री चाचणी फसली. मात्र मोडणाऱ्या चेतातंतूंतून रक्तात झिरपणारे न्यूरोफिलामेंट लाइट हे प्रथिन, वेगाने खालावणाऱ्या गटात औषधावर सुमारे ६० टक्के घटले. प्लासिबोवर ते वाढले. चेतातंतूंची पडझड आधी मंदावत असावी आणि स्नायूंना त्याचा लाभ नंतर दिसत असावा. त्यासाठी २८ आठवडे अपुरे पडले असावेत. ५२ आठवड्यांची तुलना हेच सुचवते: सुरुवातीपासून औषध घेणाऱ्यांचा गुणांक सरासरी ६ ने घसरला, आधी प्लासिबो घेऊन उशिरा सुरू केलेल्यांचा ९.५ ने. अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने एप्रिल २०२३ मध्ये या प्रथिनातील घट ग्राह्य धरून त्वरित मान्यता दिली. हा निर्णय धाडसी असला तरी निराधार नाही.

मेलेल्या पेशी परत येत नाहीत, त्यामुळे आता लक्षणांआधीच उपचाराचा प्रयत्न आहे. ‘अ‍ॅटलस’ चाचणीत सदोष जनुक असूनही लक्षणे नसलेल्यांचे रक्त नियमित तपासतात आणि न्यूरोफिलामेंट ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की औषध किंवा प्लासिबो सुरू करतात.